ज्याला देश म्हणून मान्यता नाही, त्याच्या तापाचं काय?

गोदाकाठ

काल मास्तर_पाटोदा यांनी लिहिलं होतं, "जागतिक आरोग्य परिषद ही जागतिक आरोग्य संघटनेची (WHO) जिनिव्हात भरणारी, देशांची बैठक आहे. तैवान देश नाही, त्यानं बाहेर बसावं. यात आरोग्याचा प्रश्नच नाही, सगळं राजकारण." रात्री वाचलं आणि डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

सर, तिथं २ कोटी ३० लाखांवर माणसं राहतात. १९७१ च्या २७५८ क्रमांकाच्या ठरावानं संयुक्त राष्ट्रांतली चीनची खुर्ची तैवानच्या सरकारकडून बीजिंगकडे गेली, आणि पुढच्याच वर्षी आरोग्य संघटनेतही तेच झालं. खुर्ची कुणाची यावर माझं भांडण नाही. पण २००३ मध्ये सार्स आला तेव्हाचं आठवा. मार्चमध्ये तिथं पहिला रुग्ण सापडला. एप्रिलच्या अखेरीस तैपेईतलं हेपिंग रुग्णालय आतल्या डॉक्टर, नर्स, रुग्णांसकट बंद करावं लागलं. जागतिक संघटनेचे तज्ज्ञ पोचायला मे उजाडला. त्या मधल्या दिवसांचा हिशोब कुणी द्यायचा?

२००९ ते २०१६ त्यांना 'चायनीज तैपेई' या नावानं निरीक्षक म्हणून बोलावलं जात होतं. तेवढ्यानं चीनची कुठलीच सीमा हलली नाही. मग तैपेईत सरकार बदललं आणि २०१७ पासून निमंत्रण बंद झालं. विषाणू तर बदलले नव्हते. संघटनेच्या घटनेत पहिल्याच पानावर लिहिलंय की उत्तम आरोग्य हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे. वंश, धर्म, राजकीय मत, आर्थिक-सामाजिक स्थिती काहीही असो. त्यात पासपोर्टची अट मला कुठं दिसली नाही.

मास्तर_पाटोदा

झोप उडवल्याबद्दल क्षमस्व, पण मी शब्द मागे घेत नाही.

तुम्ही मराठवाड्याचे, आणि तुम्हीच हे विसरलात? १९४८ च्या ऑगस्टमध्ये निजामानं हैदराबाद स्वतंत्र आहे म्हणून सुरक्षा परिषदेत तक्रार नेली होती. तेव्हा कुणी "खुर्ची राहू द्या, नुसतं निरीक्षक म्हणून बसवा" म्हटलं असतं, तर १७ सप्टेंबरचा मुक्तिदिन आपण साजरा केला असता का? खुर्ची हीच मान्यतेची पहिली पायरी असते. आज तैवान, उद्या काश्मीरच्या नावानं कुणीतरी अर्ज घेऊन उभा राहील. आपल्या सरकारनं १९४९ च्या शेवटीच बीजिंगला मान्यता दिलेली आहे, ती काही उगाच नाही.

आणि कोविडच्या सुरुवातीला, ३१ डिसेंबर २०१९ ला, तैवाननं संघटनेला पाठवलेल्या मेलचा दाखला कुणीतरी देणारच, म्हणून आधीच सांगतो. तैवान म्हणतं आम्ही सावध केलं होतं. संघटना म्हणते, त्या मेलमध्ये माणसाकडून माणसाला लागण होते असं लिहिलेलंच नव्हतं. मेल पोचला हे दोघांनाही मान्य आहे. म्हणजे खुर्ची नसतानाही निरोप जातो.

गोदाकाठ

निरोप गेला, पण तो वाचून उलट प्रश्न विचारायला समोर माणूस नव्हता. फरक तिथं पडतो.

हैदराबादचं तुम्ही काढलंत, तर आजीचं ऐका. रझाकारांच्या धास्तीनं आमचं घर रातोरात सीमा ओलांडून बार्शीकडं गेलं. तिकडची माणसं आम्हाला 'मोगलाईतले', म्हणजे निजामाच्या राज्यातले, म्हणायची. छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) भीती होती. आजी सांगायची, तिथल्या डॉक्टरनं सगळ्यांना रांगेत उभं करून सुई टोचली. तुमचा राजा कोण, हे विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगायचं, हा प्रश्न तिला म्हातारपणीही पडायचा. त्या सुईनं निजामाला मान्यता मिळाली का? मिळाली ती आजीला, जगायची.

मास्तर_पाटोदा

गोष्ट चांगली आहे, पण ती माझ्याच बाजूची आहे. सुई मिळाली, खुर्ची मिळाली नाही. गाझातही तेच. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथं १० महिन्यांच्या बाळाला पोलिओ झाला, २५ वर्षांतला पहिला. सप्टेंबरमध्ये लढाई थांबवून थांबवून साडेपाच लाखांवर लेकरांना डोस दिले. पॅलेस्टाईनला पूर्ण सदस्यत्व नाही, म्हणून काही अडलं नाही.

गोदाकाठ

पॅलेस्टाईन त्या परिषदेत निरीक्षक म्हणून बसतं, सर. मी तैवानसाठी तेवढंच मागतोय.

किल्लारी_९३

थोडं विषय सोडून. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंपात आमचं गाव गेलं. बाहेरच्या देशांतून आलेली औषधं आणि तंबू मी डोळ्यांनी पाहिले, तेव्हा १२ वर्षांचा होतो. कुणाचा झेंडा ते आम्ही बघितलं नाही. पण पुनर्वसनाच्या घराच्या उताऱ्यावर नाव चढवायला वडिलांनी उभं आयुष्य घातलं. म्हणून मला वाटतं, परिषदेत कोण बसलं यापेक्षा यादीत कोण आलं ते बघा.

आरोग्यसेविका_निवृत्त

यादीचं निघालंच आहे म्हणून लिहिते. मी बीड जिल्ह्यात २९ वर्षं उपकेंद्र सांभाळलं. तैवान मी नकाशावरसुद्धा पाहिलं नाही, पण बाहेर ठेवलेली माणसं मी रोज पाहिली.

दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, त्यामुळं थांबायचा प्रश्नच नाही. कोणी सांगली-कोल्हापूरकडं, कोणी कर्नाटकात. लेकराचं लसीचं कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत, लेकरू फडात. मी नोंदवहीत 'स्थलांतरित' लिहायचे. तिकडची सिस्टर म्हणायची, हे आमच्या गावचं नाही. सहा महिने ते लेकरू कोणाच्याच वहीत नसायचं. गोवराचा दुसरा डोस चुकलेली किती लेकरं मी मार्चअखेर शोधत हिंडलेय!

एक पोलिओच वेगळा होता. त्यात कारखान्याचा तळ, वीटभट्टी, बसस्टँड, सगळी ठिकाणं आधीच यादीत घातलेली असायची. गाव विचारायचं नाही. डोस द्यायचा आणि डाव्या करंगळीला मार्करची खूण करायची. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्याचा. मास्तर, करंगळी बघून काम केलं म्हणून ते जमलं. रेशनकार्ड बघत बसलो असतो तर अजून बसलो असतो.

कोयता_लेक

ताई, बरं झालं बोललात. माझी आई १८ हंगाम फडात होती. तिशीच्या आतच एका खासगी दवाखान्यात तिची गर्भपिशवी काढली. "ठेवली तर कॅन्सर होईल" म्हणाले. बिल भागवायला पुढच्या वर्षाची उचल घेतली. २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हेंच्या चौकशी समितीपुढं आकडे आले. बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर बायांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं, आमच्या वस्तीतले निम्मे लोक त्याआधीच गेलेले. ज्याचं मत नाही त्याची पिशवी कोण मोजणार? तुम्ही जिनिव्हाच्या खुर्च्या मोजा.

बीडकर

झालं, आला बीडवर विषय. दर वेळेस तेच. दिल्लीचे पत्रकार येतात, फोटो काढतात, 'बिनपिशवीच्या बायांची गावं' म्हणून छापतात. आमच्या पोरींची लग्नं अडली त्या बातम्यांनी. बाकीच्या जिल्ह्यांत होत नाही का हे?

कोयता_लेक

लग्नं अडली याचं दुःख आहे, आणि माझी आई ३४ व्या वर्षी म्हातारी झाली त्याचं नाही? बीडची बदनामी आकड्यानं झाली नाही. आकडा लपवला असता तर ती व्हायला हवी होती.

बीडकर

आवाज चढवू नका. माझीही चुलती फडातच गेली. साप चावला, जवळ दवाखाना नव्हता. म्हणून म्हणतो, नुसतं बीड-बीड करू नका, कारखान्यांना विचारा. तळावर साधं पाणी नसतं.

आरोग्यसेविका_निवृत्त

दोघंही एकच बोलताय, लेकरांनो.

गोदाकाठ

मला हेच म्हणायचं होतं, ताईंनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. तिकडची सिस्टर म्हणते "आमच्या गावचं नाही", परिषद म्हणते "आमचा सदस्य नाही". मधल्या काळात रोग कुणाच्याच वहीत नसतो. अफगाणिस्तानात तालिबानला बहुतेक देशांची मान्यता नसतानाही पोलिओवाले त्यांच्याशी बोलतात, कारण लेकरं तिथं आहेत. मास्तर, तालिबानशी बोलून कुणी त्यांचं राज्य मान्य केलं का?

मास्तर_पाटोदा

तालिबानचा मुद्दा मला खोडता येत नाही, हे कबूल करतो. तज्ज्ञांच्या तांत्रिक बैठकांना तैवानचे डॉक्टर बसावेत, रोगाची माहिती थेट मिळावी, इथपर्यंत मी येतो. मे महिन्यातल्या परिषदेत नावाची पाटी लावून बसायला माझा विरोध कायम आहे. निजामाचं उदाहरण तुम्ही गोष्टीनं टाळलंत, उत्तर दिलं नाहीत.

गोदाकाठ

उत्तर दिलं, तुम्हाला पटलं नाही. 'चायनीज तैपेई' या पाटीवर तर बीजिंगही आठ वर्षं राजी होतं.

मास्तर_पाटोदा

बीजिंगच्या मर्जीनं बसवणं हे तुमच्या तत्त्वात बसतं का, ते आधी ठरवा.

ताई, तुमच्याशी मात्र वाद नाही. माझ्या वर्गातली १४ मुलं दसऱ्यानंतर दिसत नाहीत. मी हजेरीपटावर रेघ मारतो आणि पुढं जातो. त्यांची नावं पाठवू का? उपयोग होईल?

आरोग्यसेविका_निवृत्त

पाठवा सर. मी निवृत्त झाले तरी आताच्या सिस्टरला नेऊन देते. नुसती नावं नको, धाकटी भावंडं किती, कोणत्या कारखान्यावर जाणार, तेही लिहा. आणि मुकादमाचा फोन नंबर असेल तर तो सगळ्यात आधी.