रुग्णाशेजारी बसणाऱ्याने औषधं तपासावीत की नाही?

कोथरूडकरीण

घरचं माणूस दवाखान्यात दाखल असेल तर शेजारी बसणाऱ्याच्या हातात वही हवी आणि दिलेलं प्रत्येक औषध त्यात उतरायला हवं, असं माझं ठाम मत आहे. "डॉक्टरांना त्यांचं काम करू द्या, मध्ये पडू नका" हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. पण अनेक खासगी दवाखान्यांत चिठ्ठी नातेवाइकाच्याच हातात देतात. खालच्या मेडिकलमधून औषधं तोच आणतो आणि सिस्टरकडे देतो. म्हणजे तो या साखळीत आहेच. मग काउंटर सोडण्याआधी औषधातल्या घटकाचं नाव, मिलिग्रॅम आणि मुदत चिठ्ठीशी ताडून बघायची. दुकानदाराने "तेच आहे, कंपनी वेगळी" म्हणून दुसरं काही दिलं असेल, तर वर गेल्यावर सिस्टरला ते मुद्दाम सांगायचं.

वहीच्या पहिल्या पानावर रुग्णाचं पूर्ण नाव, वजन, ॲलर्जी, किडनी-लिव्हरचा त्रास आणि घरी चालू असलेली औषधं. औषधांची नावं ब्रँडची नकोत, घटकांची हवीत. पुढच्या पानांवर वेळ, औषध, मात्रा, तोंडातून की शिरेतून.

सगळ्यात जास्त गळती होते ती तीन ठिकाणी: सिस्टरांची ड्यूटी बदलताना, आयसीयूतून वॉर्डात हलवताना आणि डिस्चार्जच्या वेळी. ऑपरेशनसाठी थांबवलेली रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा सुरू करायचीच राहून जाते. थायरॉइडची रोजची गोळी दाखल झाल्यापासून चार्टवर चढलेलीच नसते. हे फाइल बघून कळणार नाही, कारण जे राहून गेलंय ते फाइलमध्ये नसतंच. ते घरच्यांनाच माहीत असतं.

रात्रपाळी

ताई, वहीला विरोध नाही, पण "प्रत्येक औषध" याला आहे. सिस्टर इंजेक्शन भरत असताना मध्येच "हे कशाचं?" विचारलं की मोजणी तुटते, आणि चुका नेमक्या तिथेच होतात. त्यातून एकेका सिस्टरकडे किती खाटा असतात ते जनरल वॉर्डात जाऊन बघा. तिचं भरून झालं, ती खाटेपाशी आली, रुग्णाच्या मनगटावरच्या पट्टीवरचं नाव वाचू लागली, की तेव्हा विचारा. किंवा राउंडला विचारा.

दुसरी बाजूही लिहायला हवी. नातेवाइकांच्या हातूनही चुका होतात, आणि साध्या नाहीत. "सलाईन फार हळू चाललंय" म्हणून चाक फिरवतात. त्यात पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं असेल तर वॉर्डात ते साधारण तासाला १० मिलीइक्विव्हॅलंटच्या आतच देतात. भराभर गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, बंदही पडू शकतात. दम्यासारखा फुप्फुसाचा जुना आजार, म्हणजे सीओपीडी, असलेल्यांना रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण बहुतेक वेळा मुद्दाम ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान ठेवलेलं असतं. मॉनिटरवर ९० दिसलं की घरचे घाबरून ऑक्सिजन वाढवतात आणि रुग्ण गुंगीत जातो.

आणि चहा! भूल देण्याआधी साधं पाणी दोन तासांपर्यंत चालतं, पण दुधाचा चहा खाण्यात धरतात, त्याला सहा तास. "घोटभरच दिला" हे लपवलं तर भुलीत उलटी फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. दिला असेल तर निदान सांगा.

नाकातल्या नळीतून फीड देतानाही पाठ ३० ते ४५ अंश वर हवी, आणि नंतर अर्धा-एक तास तशीच. आडवं ठेवून फीड दिलेलं नेहमी दिसतं. आधी एवढं सांभाळा, मग आमचं तपासा.

फार्मसीवाला

दोघांचंही बरोबर आहे. पण "सगळं तपासा" आणि "काहीच विचारू नका" यांच्या मध्ये मोजकी औषधं अशी आहेत की तिथे विचारलंच पाहिजे, सिस्टर कितीही घाईत असो.

पहिलं इन्सुलिन. आपल्याकडे बाटलीत बहुधा मिलीला ४० युनिट असतात, पेनच्या काडतुसात १००, आणि काही बाटल्याही १०० च्या मिळतात. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. १०० ची बाटली लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरली तर अर्धा मिली येतं, म्हणजे २० ऐवजी ५० युनिट. साखर धाडकन खाली. उलट अदलाबदल झाली तर २० ऐवजी फक्त ८ जातात आणि साखर का उतरत नाही ते कोणाला कळत नाही. बाटली आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, एवढं घरी रोज बघायचं.

दुसरं मेथोट्रेक्सेट. सांध्यांच्या आजारासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतली गेली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी कोसळतात, जीव जातो. डिस्चार्ज कार्डावर "आठवड्यातून एकदा" एवढंच असेल तर डॉक्टरांकडून वार लिहून घ्या.

तिसरं रक्त. पिशवी आणि रुग्णाची ओळख दोघांनी मिळून खाटेपाशी पडताळायची असते. पहिली १५ मिनिटं कोणीतरी शेजारी थांबावं. थंडी वाजली, कंबर दुखायला लागली, अंगावर गांधी उठल्या, की लगेच हाक मारा.

शनिपार

मला मूळ भूमिकाच पटत नाही. चुका पकडण्याचं काम दवाखान्याचं. ते घरच्यांवर टाकलं की ज्याच्यापाशी बसायला कोणी नाही त्याचं काय? पुण्यात मुलं परदेशी आणि खाटेशेजारी ब्यूरोकडून पगारावर आणलेली मावशी हे चित्र घरोघरी आहे. ती बारा तास बसते, पण तिने चार्ट वाचावा अशी अपेक्षा अन्यायाची आहे. वर तीन मुलं तीन देशांतून डॉक्टरांना वेगवेगळे फोन करतात आणि प्रत्येकाला वेगळं समजतं.

शिवाय वही पुरावा म्हणून लिहायला लागलात की समोरचा माणूस मोकळेपणी बोलायचा थांबतो.

कोथरूडकरीण

शनिपार, काम दवाखान्याचंच, ते मान्य. पण म्हणून वही मिटायची? मावशींना चार्ट वाचायला लावू नका. चारच गोष्टी सांगा: सलाईनच्या चाकाला हात लावायचा नाही, सुईची जागा लाल किंवा फुगलेली दिसली की सांगायचं, रात्री बाथरूमला एकट्याने जाऊ द्यायचं नाही, लघवीची पिशवी रिकामी करण्याआधी आकडा लिहायचा. हा शेवटचा फार मोलाचा. ५० किलोच्या माणसाची लघवी काही तास सलग तासाला २५ मिलीच्या खाली राहिली, श्वास मिनिटाला २४ च्या वर गेला, किंवा काल नीट बोलणारा माणूस आज बरळतोय, तर सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही. आधी सिस्टर, मग ड्यूटीवरचे निवासी डॉक्टर (आरएमओ), मग मोठे डॉक्टर. आणि "आम्ही किती वाजता सांगितलं ते फाइलमध्ये लिहा" म्हणायचं. शांतपणे, आणि रुग्णाच्या डोक्याशी उभं राहून नाही. तो आधीच घाबरलेला असतो.

डॉक्टरांशी बोलणारा एकच ठरवा, हे मात्र शंभर टक्के.

नियमावली

पुराव्याबद्दल. पुरावा वही नव्हे, फाइल. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. नर्सिंग चार्ट, औषधांचा तक्ता, भुलीची नोंद, संमतीपत्र, सगळे रिपोर्ट नावानिशी मागा. महाराष्ट्राच्या २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते, आणि खासगी दवाखान्याबद्दलची तक्रार शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जाते. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षं.

एक कठीण गोष्ट. मृत्यूच्या कारणाबद्दल शंका असेल तर शवविच्छेदन अंत्यसंस्काराआधीच मागावं लागतं. नंतर कारण सिद्ध करणं फार अवघड होतं.

आणि हात कोणी उचलू नका. डॉक्टर-दवाखान्यांवरच्या हल्ल्यांविरुद्धच्या महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याने तो अजामीनपात्र गुन्हा आहे, आणि मूळ तक्रार तिथेच बुडते.

रात्रपाळी

नियमावली, अर्जाची भाषा चालू उपचारांच्या मध्यात नको, एवढंच म्हणेन. माझा विरोध कायम आहे, पण डिस्चार्जच्या दिवशी मात्र वाटेल तेवढे प्रश्न विचारा. घरच्या सगळ्या जुन्या गोळ्या एका पिशवीत घालून आणा आणि कार्डाशेजारी मांडून प्रत्येकीवर "चालू", "बंद" की "बदलली" ते विचारून घ्या. बीपीची तीच टेल्मिसार्टन घरी एका नावाने आणि कार्डावर दुसऱ्या नावाने असते, दोन्ही घेतल्या जातात आणि चक्कर येऊन पडलेला माणूस पुन्हा दाखल होतो. "बंद" ठरलेल्या पट्ट्या घरी परत नेऊ नका.