मदत हवी आहे: डेबियन १२ वर ईमेलची लिंक थंडरबर्डऐवजी इव्होल्यूशनमध्ये उघडते, लिबरऑफिसमधून जोडणी (ॲटॅचमेंट) जात नाही

निळी_शाई

डेबियन १२ (लिनक्स), ग्नोम ४३ डेस्कटॉप, वेलँड. एपीटीचं, म्हणजे डेबियनच्या स्वतःच्या पॅकेजांतलं, थंडरबर्ड हे ईमेल ॲप काढून फ्लॅटहबवरचं फ्लॅटपॅक (वेगळ्या कप्प्यात चालणारं पॅकेज) बसवलं आहे. खाती, जुनी पत्रं, सगळं व्यवस्थित आलं. अडचण डीफॉल्टची आहे, आणि ती तीन ठिकाणी वेगवेगळी दिसते.

१) पीडीएफमधल्या किंवा टर्मिनलमधल्या मेलटू: लिंकवर (ईमेल पत्त्याच्या लिंकवर) क्लिक केलं की इव्होल्यूशन या दुसऱ्या ईमेल ॲपचा 'खातं जोडा' विझार्ड उघडतो. सेटिंग्ज > डीफॉल्ट ॲप्लिकेशन्स > मेल या यादीत थंडरबर्ड दिसतच नाही.

२) फायरफॉक्समध्ये तीच लिंक जीमेलच्या टॅबमध्ये जाते.

३) लिबरऑफिस रायटरमध्ये फाइल > सेंड > ईमेल डॉक्युमेंट केलं की इव्होल्यूशनच येतं. जीआयओ माइम कमांडने (कुठली लिंक कुठल्या ॲपने उघडायची ते ठरवणाऱ्या) थंडरबर्ड जबरदस्तीने डीफॉल्ट केलं, तर थंडरबर्ड सुरू होतं पण नवीन पत्राची खिडकी उघडत नाही.

'जीआयओ माइम एक्स-स्कीम-हँडलर/मेलटू' चालवल्यावर मुळात डीफॉल्ट म्हणून इव्होल्यूशन दाखवत होतं. पण ~/.कॉन्फिग/माइमॲप्स.लिस्ट मध्ये, म्हणजे अशा निवडी जिथे लिहिलेल्या असतात त्या फाइलमध्ये, मेलटूसमोर थंडरबर्ड.डेस्कटॉप असं लिहिलेलं आहे. लॉगआउट करून झालं आहे. इव्होल्यूशन काढून टाकलं तर सुटेल का?

सह्यकडा

इव्होल्यूशन काढू नका. लिंक उघडायला कुणीच उरणार नाही, एवढाच फरक पडेल.

पहिल्या मुद्द्याचं कारण तुमच्याच शेवटच्या ओळींत आहे. थंडरबर्ड.डेस्कटॉप ही एपीटीच्या पॅकेजची, ॲप कसं सुरू करायचं ते सांगणारी फाइल होती, ती पॅकेजबरोबर गेली. फ्लॅटपॅकच्या फाइलचं नाव ओआरजी.मोझिला.थंडरबर्ड.डेस्कटॉप असं असतं. माइमॲप्स.लिस्ट मधल्या नावाची फाइल सापडली नाही की जीआयओ काही न बोलता ती नोंद सोडतो आणि मेलटू घेणारं दुसरं ॲप शोधतो. तुमच्याकडे ते इव्होल्यूशन आहे.

पण तेवढ्याने यादीत थंडरबर्ड न दिसण्याचा उलगडा होत नाही. पुढची दोन फोल्डर बघा आणि थंडरबर्डच्या नावाच्या ज्या फाइली असतील त्या इथे टाका:

/व्हार/लिब/फ्लॅटपॅक/एक्सपोर्ट्स/शेअर/ॲप्लिकेशन्स
~/.लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स

निळी_शाई

दोन्हीकडे ओआरजी.मोझिला.थंडरबर्ड.डेस्कटॉप आहे. होममधली फाइल प्रोफाइल मॅनेजर उघडण्यासाठी हाताने लिहिलेली आहे:

[डेस्कटॉप एंट्री]
टाइप=ॲप्लिकेशन
नेम=थंडरबर्ड
एक्झेक=फ्लॅटपॅक रन ओआरजी.मोझिला.थंडरबर्ड -पी
आयकॉन=ओआरजी.मोझिला.थंडरबर्ड

सह्यकडा

सापडलं. एकाच नावाच्या दोन डेस्कटॉप फाइली असल्या की होममधली चालते आणि सिस्टीमची पूर्ण झाकली जाते. दोन्ही मिळून एक होत नाहीत. तुमच्या फाइलमध्ये दोन गोष्टी नाहीत.

पहिली, 'माइमटाइप=' ची ओळ. तिच्यात एक्स-स्कीम-हँडलर/मेलटू असल्याशिवाय सेटिंग्जच्या यादीत ॲप येत नाही. दुसरी, एक्झेकच्या शेवटी %यू. त्या जागी लिंक भरली जाते. ते नसलं की ॲप सुरू होतं, पण पत्ता त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तुमची नवीन पत्राची खिडकी म्हणूनच उघडत नव्हती. सिस्टीमच्या फाइलमधली एक्झेक ओळ उघडून बघा, शेवटी @@यू %यू @@ दिसेल.

प्रोफाइल मॅनेजरची फाइल ठेवा, फक्त नाव बदला:

एमव्ही ~/.लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स/ओआरजी.मोझिला.थंडरबर्ड.डेस्कटॉप ~/.लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स/थंडरबर्ड-प्रोफाइल.डेस्कटॉप

अपडेट-डेस्कटॉप-डेटाबेस ~/.लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स

मग माइमॲप्स.लिस्ट उघडून थंडरबर्ड.डेस्कटॉपचे सगळे उल्लेख काढा, [ॲडेड असोसिएशन्स] खालचेही. [डीफॉल्ट ॲप्लिकेशन्स] खाली मेलटूची एकच ओळ राहू द्या. तो मथळा फाइलमध्ये एकदाच असावा. हाताने जोडताना लोक खाली दुसरा मथळा टाकतात आणि मग कुठली ओळ चालते ते कळेनासं होतं. फाइलचं नाव आठवणीने टाइप करू नका, फोल्डरमधून जसंच्या तसं उचला. लहान-मोठं अक्षर बदललं तरी नोंद वाया जाते.

आणि ~/.कॉन्फिग मध्ये ग्नोम-माइमॲप्स.लिस्ट नावाची फाइल असेल तर तीही तपासा. ती साध्या माइमॲप्स.लिस्टच्या आधी वाचली जाते.

तपासणीसाठी:

एक्सडीजी-ईमेल --यूटीएफ८ --सब्जेक्ट 'चाचणी' कोणी@एक्झाम्पल.कॉम

विषय मराठीतच ठेवा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं असतं. वाटेत कुठे एन्कोडिंग बिघडत असेल तर विषयाच्या जागी लगेच कचरा दिसेल.

उंबरठा

दुसऱ्या मुद्द्याचा वरच्या कशाशीच संबंध नाही. फायरफॉक्स आपली निवड प्रोफाइलमधल्या हँडलर्स.जेसन मध्ये वेगळी ठेवतो. सेटिंग्ज > जनरल > ॲप्लिकेशन्स मध्ये जाऊन शोधपेटीत मेलटू टाका. समोर 'यूज जीमेल' असेल, ते बदलून थंडरबर्ड निवडा. डेस्कटॉपचं डीफॉल्ट आधी सुधारा, मग हे करा. नाहीतर इथल्या यादीतही इव्होल्यूशनच दिसेल. क्रोमियम वापरत असाल तर क्रोम://सेटिंग्ज/हँडलर्स या पानावरची जीमेलची नोंद काढायची.

निळी_शाई

पहिले दोन्ही प्रश्न सुटले, मराठी विषयही नीट आला. मनापासून आभार. लिबरऑफिसमधूनही आता थंडरबर्डची नवीन पत्राची खिडकी उघडते, विषय भरलेला असतो, पण दस्तऐवज जोडलेला नसतो. कुठलाही एरर नाही.

कळफलक

इथे दोन अडथळे एकामागे एक आहेत. पहिलाच काढला तर दुसरा लागतो.

पहिला: मेलटूच्या मानकात, आरएफसी ६०६८ मध्ये, जोडणीसाठी काही सोय नाही. म्हणून एक्सडीजी-ईमेल ही स्क्रिप्ट डीफॉल्ट ॲपच्या एक्झेकमधला पहिला शब्द बघते. त्यात थंडरबर्ड असेल तर -कंपोज वापरून जोडणीचा मार्ग देते. तुमच्याकडे पहिला शब्द /यूएसआर/बिन/फ्लॅटपॅक आहे. मग ती साधी मेलटू: लिंक बनवून त्यात ॲटॅच= चिकटवते. असं ॲटॅच थंडरबर्ड मुद्दाम दुर्लक्षितो, आणि ते योग्यच आहे. नाहीतर कुठल्याही संकेतस्थळावरची लिंक तुमच्या डिस्कवरची फाइल गुपचूप पत्राला जोडू शकली असती.

उपाय: ~/.लोकल/बिन/थंडरबर्ड या नावाची दोन ओळींची स्क्रिप्ट.

#!/बिन/एसएच
एक्झेक फ्लॅटपॅक रन ओआरजी.मोझिला.थंडरबर्ड "$@"

सीएचमॉड +एक्स करा. मग लिबरऑफिसमध्ये टूल्स > ऑप्शन्स > इंटरनेट > ईमेल इथे तिचा पूर्ण मार्ग भरा, /होम पासून. स्क्रिप्टचं नाव थंडरबर्डच हवं. लिबरऑफिसची सेंडडॉक स्क्रिप्ट नावावरूनच ठरवते की कुठल्या पद्धतीने हाक मारायची.

दुसरा: लिबरऑफिस पाठवायची प्रत /टीएमपी खाली एलयू ने सुरू होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवतो. फ्लॅटपॅकमधल्या ॲपला स्वतःची वेगळी /टीएमपी असते, त्यामुळे थंडरबर्डला ती फाइल दिसत नाही. पूर्ण /टीएमपी उघडी करता येते, पण टपालाच्या ॲपला तेवढी मोकळीक मी देणार नाही. त्यापेक्षा होममध्ये ऑफिस-टेम्प नावाचं फोल्डर करा, लिबरऑफिसमध्ये टूल्स > ऑप्शन्स > लिबरऑफिस > पाथ्स > टेम्पररी फाइल्स समोर तेच द्या, आणि थंडरबर्डला तेवढंच, फक्त वाचायला:

फ्लॅटपॅक ओव्हरराइड --यूझर --फाइलसिस्टम=~/ऑफिस-टेम्प:आरओ ओआरजी.मोझिला.थंडरबर्ड

दोन्ही ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. परवानगी ॲप सुरू होतानाच लागू होते. जुनं थंडरबर्ड मागे चालू राहिलं तर नवीन पत्र त्याच्याच हातात जातं आणि काही बदललं नाही असं वाटतं.

पायवाट

ग्नोमऐवजी एक्सएफसीई डेस्कटॉप वापरणाऱ्यांसाठी एक भर: तिथे एक्सडीजी-ओपन हे एक्सो-ओपनला बोलावतं, आणि त्याची निवड ~/.कॉन्फिग/एक्सएफसीई४/हेल्पर्स.आरसी मधल्या मेलरीडर= या ओळीत असते. माइमॲप्स.लिस्ट बरोबर असूनही चुकीचं ॲप उघडत असेल तर ती ओळ बघा.

निळी_शाई

जोडणी येऊ लागली. एकदाच मात्र 'पाठवा' दाबल्यावर थंडरबर्डने जोडलेली फाइल उघडता येत नाही असं सांगितलं. त्या वेळी रायटर बंद केलेला होता.

कळफलक

बरोबर, तसंच होणार. थंडरबर्ड जोडणी वाचतो ती पाठवताना, आणि लिबरऑफिस बंद होताना आपलं तात्पुरतं फोल्डर पुसून जातो. पत्र लगेच पाठवायचं नसेल तर आधी कंट्रोल+एस दाबून मसुदा जतन करा. जोडणीची प्रत मसुद्यात उतरते, मग लिबरऑफिस बंद केलं तरी चालतं.