सरासरी काढून चालणार नाही

वेनर पद्धतीच्या (चार खुंट्या सारख्या अंतरावर रोवून जमीन मोजण्याच्या) सगळ्या वाचनांची सरासरी काढून एकच रोधकता, म्हणजे जमिनीचा विजेला होणारा विरोध, जमिनीच्या गणिती मॉडेलमध्ये टाका, असा सल्ला दिला जातो; अर्थिंगच्या कामात तो मला पटत नाही. आपल्याकडची नेहमीची जमीन घ्या: वर 2 मीटर ओली काळी माती, 10 ओहम-मीटर, खाली बेसॉल्टचा कातळ, 1000 धरू. खुंट्यांतलं अंतर 1 मीटर ठेवलं तर वाचन 11 च्या जवळ येतं, 20 मीटरला तेच सुमारे 120 होतं. या दोन्हींची सरासरी ना मातीची, ना कातळाची. 3 मीटरच्या रॉडचा जवळजवळ सगळा प्रवाह वरच्या 2 मीटरमधूनच जमिनीत उतरतो, कातळात ठोकलेला शेवटचा मीटर नावापुरता. अशा ठिकाणी रॉड खोल नेण्यापेक्षा पट्टी आडवी पसरलेली बरी.

पण थर कधी हिशेबात धरायचे, हे वारंवारतेवर ठरतं. 50 हर्ट्झला या मातीतली स्किन डेप्थ (प्रवाह साधारण किती खोल शिरतो ते अंतर) सव्वादोनशे मीटरच्या आसपास, म्हणजे खालचा कातळ हिशेबात येतोच. 1 मेगाहर्ट्झला ती जेमतेम 1.6 मीटर. त्यामुळे मध्यम लहरींच्या अँटेनाच्या पुरलेल्या तारांसाठी एनईसी-4 या अँटेनाचं गणित करणाऱ्या संगणक प्रोग्रॅममधली एकजिनसी जमीन बऱ्यापैकी चालते. (त्याची आधीची आवृत्ती एनईसी-2 मात्र नको, त्यात जमिनीखालची तार घेताच येत नाही.) आणि वाचनं मे महिन्यातही घ्या. तेव्हा काळी माती भेगाळून रॉडपासून सुटलेली असते, बोट जाईल एवढी फट दिसते, आणि कुठलंही मॉडेल ती फट आपणहून धरत नाही.