डाउनलोड की कार्ट्रिज?

रावेरचा_केळीवाला: भो, परवा रात्री बागेला पाणी द्यायचं होतं. थ्री फेज लाईट एकला येणार, तोवर हातातल्या कन्सोलवर डाउनलोड केलेला गेम लावला. पडद्यावर काय? ‘इंटरनेटला जोडा, परवाना तपासायचाय.’ बांधावर मोबाईलला एक काडी रेंज नाही! साडेतीन हजार मोजलेत, चोरून नाही घेतला. मग काय, विहिरीच्या काठावर बसून डास मारले. नकला रोखायला कुलूप हवं, मान्य. पण किल्ली माझ्याकडे नको? तुम्ही काय घेता?

भुसावळ_यार्ड: कार्ट्रिज, म्हणजे गेम भरलेलं छोटं कार्ड. माझा जुना निन्टेन्डो डीएस कन्सोल अजून चालतो. खाचेत घातलं की सुरू, कोणाला विचारणं नाही. फक्त टपाल तिकिटाएवढं ते, भाच्याने एक कुठे टाकलं, आजवर सापडलं नाही.

धुळ्याचा_भाऊ: डाउनलोड वाईट नाही हो. स्टीम डेक या हातातल्या कन्सोलवर घरूनच गेम एकदा उघडून ऑफलाइन मोड लावायचा. जीओजी या ऑनलाइन दुकानात तर बिनकुलपाचे गेम मिळतात, इन्स्टॉलर पेन ड्राइव्हवर ठेवा. मात्र दुकानाचा भरवसा नाही. निन्टेन्डो थ्रीडीएस कन्सोलचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं. आधी घेतलेलं पुन्हा उतरवता येतं, नवीन मिळत नाही.

रावेरचा_केळीवाला: माझ्याही सेटिंगमध्ये ऑफलाइन सापडलं भो! काल मस्त चालला. पण नेमकी लाईट साडेअकरालाच आली.