सीपीआरची चाचणी: तान्ह्यांबद्दल काय विचारू?

धरमपेठकर: सोसायटीच्या वॉचमनची सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं) आणि एईडी (हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र) यांची चाचणी घ्यायची आहे. मोठ्यांचं जमतं त्यांना. लहानग्यांबद्दल काय विचारू?

महालवाला: दाबाची खोली. मोठ्यांना ५ ते ६ सेंमी, मुलांना सुमारे ५, तान्ह्यांना ४. वेग सगळ्यांना मिनिटाला १०० ते १२०. एकट्याने ३०:२ (म्हणजे ३० दाबांमागे २ श्वास), मुलाजवळ प्रशिक्षित दोघे असतील तर १५:२. छाती पूर्ण वर येऊ न देणं ही नेहमीची चूक, मग हृदयात रक्तच नीट भरत नाही.

सदरकर: फसवा प्रश्न टाका: मूल आठ वर्षांखालचं, एईडीचे लहानांसाठीचे पॅड (अंगावर चिकटवायच्या पट्ट्या) नाहीत, मग? मोठ्यांचेच लावायचे, एक छातीवर, एक पाठीवर. आणि आपल्या मे महिन्यात घाम पुसल्याशिवाय पॅड चिकटत नाही, भाऊ!

महालवाला: शॉकनंतर नाडी शोधत बसले, तर गुण कापा. लगेच दाब सुरू.