मदत हवी आहे: सेक्टरच्या बीटांची बेरीज एक का येत नाही?

चार संध्याकाळी एक्सेलशी झटापट करून डोकं बधिर झालंय, म्हणून विचारतोय.

एस अँड पी ५०० (अमेरिकेतल्या पाचशे बड्या कंपन्यांचा शेअर निर्देशांक) आणि त्याचे अकरा सेक्टर इंडेक्स, म्हणजे टेक, एनर्जी अशा उद्योगगटांचे निर्देशांक, यांचा संबंध तपासतोय. २०१७ पासूनचा मासिक डेटा आहे. आधी वेड्यासारखं इंडेक्सच्या आकड्यांवरच कोरिलेशन (दोन गोष्टी किती जुळून हलतात ते; जास्तीत जास्त एक) काढलं. बहुतेक सेक्टर एकाला चिकटलेले! दोन्ही आकडे वर्षानुवर्षं वरच चढत असले की जुळणारच म्हणा. मग मासिक परतावा घेतला, तेव्हा कुठे फरक दिसायला लागले. २०२२ तर डोळ्यांत भरतं: डिव्हिडंड न धरता मूळ इंडेक्स १९ टक्के खाली, एनर्जी ५९ टक्के वर. उलट मार्च २०२० मध्ये सगळे एकदमच आपटले.

आता अडलंय ते इथे. प्रत्येक सेक्टरचा बीटा (इंडेक्स एक टक्का हलला की सेक्टर सरासरी किती टक्के हलतो ते) काढला, त्याला वेटेजने, म्हणजे इंडेक्समधल्या त्याच्या वाट्याने, गुणलं आणि बेरीज घेतली. इंडेक्स म्हणजे या अकरांचीच गोळाबेरीज, मग उत्तर एक यायला हवं ना? माझं किंचित वर जातंय. सूत्रं तीनदा तपासली.

प्रतिसाद १: वेटेज कधीचं घेतलंत?

धागाकर्ता: इंडेक्सच्या ताज्या फॅक्टशीटमधलं (माहितीपत्रकातलं).

प्रतिसाद १: तिथेच गोची आहे. २०१७ मध्ये टेकचा वाटा आजच्यापेक्षा बराच कमी होता. त्याचा बीटा एकाहून जास्त, आणि आजचं फुगलेलं वेटेज तुम्ही जुन्या महिन्यांनाही लावताय. महिन्याच्या सुरुवातीचं वेटेज गुणिले त्या महिन्याचा परतावा असा प्रत्येक सेक्टरचा रकाना करा आणि त्या रकान्याचा बीटा काढा. अकरांची बेरीज एक येईल.

कम्युनिकेशन सर्व्हिसेस मात्र जपून. सप्टेंबर २०१८ पर्यंत तिथे नुसतं टेलिकॉम होतं, वेटेज दोनेक टक्के. मग अल्फाबेट, फेसबुक टेकमधून आणि डिस्ने, नेटफ्लिक्स कंझ्युमर डिस्क्रिशनरीतून तिकडे गेले. आलेख सलग दिसतो, आतला माल वेगळा.

धागाकर्ता: केलं. जुनी वेटेज गोळा करण्यात अर्धा दिवस गेला, पण बेरीज एकाला टेकली! एक शंका उरलीच. टेक स्वतःच इंडेक्सचा एवढा मोठा तुकडा, त्यामुळे त्याचं कोरिलेशन आपोआपच फुगत असणार. टेक वगळून उरलेल्या दहांचा इंडेक्स करून त्याच्याशी ताडून पाहू का?

प्रतिसाद २: हो, तसंच करा. वेटेजचे रकाने तयार आहेतच. इंडेक्सच्या परताव्यातून टेकचा रकाना वजा करा आणि उरलेल्या वेटेजने भागा.