सिगारेट सोडण्यासाठी पहिली ई-सिगारेट कोणती घ्यावी?

प्रश्न : मी लेस्टरला राहतो. वीस वर्षांची सिगारेट सोडण्यासाठी ई-सिगारेट घ्यावी म्हणतो. सुरुवात कशाने करावी?

उत्तर : पुन्हा चार्ज होणारे साधे पॉड (निकोटिनच्या द्रवाची छोटी टाकी असलेली ई-सिगारेट) घ्यावे, कारण वापरून फेकायच्या ई-सिगारेटींची विक्री ब्रिटनमध्ये 1 जून 2025 पासून बंद आहे. निकोटिनची कायदेशीर कमाल मर्यादा मिलिलिटरला 20 मिलिग्रॅम आहे. रोज पाकीट संपवणाऱ्याने उगाच फार कमी मात्रा घेतली, तर हात पुन्हा सिगारेटकडेच जातो, हा माझा अनुभव. नव्या पॉडमध्ये द्रव भरल्यावर दहा मिनिटे थांबावे, नाहीतर आतला कापूस करपतो.

दुसरे उत्तर : भारतात येताना मात्र ती तिथेच ठेवावी, 2019 च्या कायद्याने तिची आयातही गुन्हा आहे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. दिवाळीत पुण्यात निकोटिनच्या च्युइंगगमवर भागवीन.